अडसर आणि आत्याबाई

या, असे जवळ सरका. तिकडे भिंतीला टेकून बसलात तर निम्मं ऐकू यायचं नाही, आणि ही गोष्ट तर आहेच ऐकू येण्याची. राजाराणीची नाही, कुणा थोर महात्म्याचीही नाही. चेंडू अडवणाऱ्या एका माणसाची आहे. पण भक्ती म्हणजे तरी काय हो? नेमून दिलेल्या जागी उभं राहायचं आणि हलायचं नाही. एवढं ज्याला जन्मभर साधलं, त्याची कथा सांगायला काय हरकत आहे? पूर्वरंग लांबवत नाही, एकदम आख्यानालाच हात घालतो.

तर त्या सकाळी तो जिना उतरत होता. आडवा, खेकड्यासारखा. दोन्ही हात कठड्यावर, एक पाऊल खाली, मग दुसरं त्याच पायरीवर, मग थोडं थांबायचं. सकाळच्या वेळी त्याचे घोटे वाकायला राजी नसत. दुपारी तेच घोटे हजारो माणसांसमोर वाऱ्यासारखे धावायचे, पण त्याआधी त्यांची पुष्कळ मनधरणी करावी लागे.

खाली शिवणयंत्रापाशी बायको बसली होती. आसपासच्या लोकांचे कपडे ती उसवून, बेतून, पुन्हा शिवून द्यायची. तोंडात टाचण्या धरूनही तिला बोलता यायचं.

"सामना दुपारी आहे ना? तोवर पोचाल खाली?"

"तू चहा ठेव. आलोच."

"दोनदा निवला चहा. आता तिसऱ्यांदा तापवला तर काढा होईल."

तो खुर्चीत टेकला. ती उठली, खुर्चीला वळसा घालून त्याच्या उजव्या हाताला येऊन बसली. डाव्या हाताची खुर्ची जवळ होती, पण तिथे ती कधीच बसत नसे. टाचण्या काढून तिनं बशीत ठेवल्या.

"आज सांगणार ना?"

"संपल्यावर सांगतो. आज शेवटचाच तर सामना आहे."

"संपल्यावर काय सांगणार? मुंज झाल्यावर मुलगा पळवायचा?" मग तिलाच हसू आलं. "जाऊ दे, म्हण चुकली. तहान लागल्यावर विहीर खणायची, असं म्हणायचं होतं मला. तुमच्या पायी म्हणीसुद्धा आठवेनाशा झाल्यात."

तो हसला. ती मात्र पुन्हा हसली नाही.

"कोणाला नाही तर निदान आत्याबाईंना तरी सांगा. त्यांचा तुमच्यावर भरवसा आहे. आणि ऐका, डॉक्टर काय म्हणाले ते विसरू नका. डावा गेला तो गेला. उरलेला एक कान घरी आणा, एवढंच माझं म्हणणं आहे."

आता हे कोडं उलगडून सांगतो. या माणसाला सगळे अडसर म्हणत. दाराला आतून आडवं लाकूड घालतात ना, तोच अडसर. तो मधला बचावपटू. समोरचा संघ चाल करून आला की गॅलरीतून एकच ओरडा व्हायचा, "लावा रे अडसर!" आणि हा पुढे व्हायचा. गोल करणाऱ्याचा फोटो पेपरात येतो. गोल होऊ न देणाऱ्याचा कसा काढणार? न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही. याचा म्हणून एकच फोटो छापून आला होता, त्यात तो निम्मा आणि खांब पूर्ण आला होता.

आणि त्याची ती एक सवय. कोणी काही विचारलं की म्हणायचा, "चालेल."

"गुडघा सुजलाय, खेळशील?" चालेल. "भुवईला टाके घालायचेत, भूल संपलीय." चालेल. "नवीन पोरांना संधी द्यायचीय, चार सामने बाहेर बसशील?" चालेल. मोठा लबाड शब्द आहे हो हा. 'हो' म्हणण्यात आनंद असतो, 'नाही' म्हणायला हिंमत लागते. 'चालेल' म्हणण्यात नुसता खांदा पुढे करायचा असतो, मग त्यावर कोणी काहीही ठेवावं.

कानाचंही तसंच झालं. फार वर्षांपूर्वी अगदी जवळून मारलेला चेंडू डाव्या कानावर फाडकन बसला. आत काहीतरी फाटलं. उशीवर पिवळे डाग दिसायला लागले. तेव्हा संघाची घोडदौड चालू होती, बसून राहणं जिवावर आलं होतं. कापसाचा बोळा घातला, चालेल म्हणाला, खेळला. पुढे वर्षानुवर्षं डोक्यानं चेंडू मारून मारून त्या कानाचा दिवा हळूहळू मालवला. एके दिवशी बायकोनं त्या बाजूनं हाक मारली, दोनदा मारली, तिसऱ्यांदा मारली आणि मग ती हातातलं काम टाकून रडत बसली. तेव्हा त्याला कळलं की हाक मारली होती.

मैदानावर मात्र कोणाला पत्ता नव्हता. मधल्या दोघा बचावपटूंत तो नेहमी डावीकडचा. जोडीदार उजवीकडे, गोलकीपर मागे पण उजव्या अंगाला. ज्यांचं ऐकायचं ते सगळे चांगल्या कानाच्या बाजूला. डावीकडे डावा बॅक आणि त्याच्या पलीकडे मैदानाची रेघ, आणि दोघंही फारसं बोलत नसत. असं त्याचं बरं चाललं होतं.

राहता राहिली आत्याबाई. हा संघाचा गोलकीपर. चांगला आडदांड गडी, ओठावर झुपकेदार मिशा. पण खांबांमध्ये उभा राहिला की तोंडाला खळ नाही. "अरे, पुढे हो! अरे, त्याला कोण बघतंय? अरे, बुटाची नाडी बांध, पडशील!" सगळ्या गावाची काळजी याच्याच डोक्यावर. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं आपल्यात म्हणतात. या आत्याबाईला खऱ्याच मिशा होत्या, तरी जन्मात कोणी काका म्हटलं नाही.

गोलकीपरनं पुढे येऊन चेंडू घ्यायचा ठरवला की तो ओरडतो, "सोड!" तो शब्द कानावर पडला की बचावपटूनं डोकं खाली घालून बाजूला व्हायचं, चेंडू अगदी नाकासमोर असला तरी. एवढ्या एका शब्दावर दोघांचे दात, नाक, डोळे अवलंबून असतात. या दोघांचा तो व्यवहार उणीपुरी बारा वर्षं चालला होता. पेपरवाले आत्याबाईबद्दल लिहायचे की गोलकीपर चांगला, पण पुढे यायला उशीर करतो, उगाच उजवीकडून वळसा घालून येतो. अडसर ते वाचून चिडायचा. म्हणायचा, "यांना काय कळतंय!" पण त्यानं स्वतःही त्यावर कधी विचार केला नाही.

तर त्या दिवशीचा सामना. हरले तर संघ खालच्या गटात जाणार. बरोबरी झाली तरी पुरे होती.

कपडे बदलायच्या खोलीत मलमाचा आणि ओल्या चामड्याचा वास भरला होता. अडसर बाकावर बसून गुडघ्याला पट्ट्या गुंडाळत होता. प्रशिक्षक आले. हेही एकेकाळचे खेळाडू, कंबर गेलेली, त्या वर्षी झोपही गेलेली. कागदाची सुरळी मांडीवर आपटत म्हणाले,

"उजवीकडचा आपला तापानं फणफणलाय, उठवत नाही त्याला. राखीवमधला येतोय, पण तो डावखुरा आहे. उजवीकडे ठेवला तर पहिल्याच फेरीत लोक त्याला भाजून खातील. अडसर, तू उजवीकडे सरकशील?"

उजवीकडे. म्हणजे जोडीदार डाव्या अंगाला, गोलकीपर डाव्या अंगाला. ज्यांचं ऐकायचं ते सगळे बंद दाराच्या बाजूला.

बोलायची वेळ हीच होती. बायकोचं तोंड डोळ्यांपुढे आलं. त्यानं मान वर केली. प्रशिक्षकांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. समोर तो राखीव गडी बुटाची नाडी बांधत होता, पण गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती.

"चालेल," अडसर म्हणाला.

आत्याबाई हातमोजे चढवत होता. तो थांबला. अडसराकडे बघत राहिला.

"काय बघतोयस?" अडसरानं विचारलं.

"काही नाही. तुझी दाढी नीट झाली नाहीये. मी मोठ्यानं ओरडीन रे आज."

"रोज काय कुजबुजतोस?"

"तरी पण," आत्याबाई म्हणाला, आणि मोज्याचा पट्टा त्यानं पुन्हा सोडून पुन्हा आवळला.

पहिला अर्धा खेळ देवाच्या कृपेनं पार पडत आला होता. अडसर कानाचं काम डोळ्यांकडून करून घेत होता. दर क्षणाला मान वळवायची, जोडीदार कुठे आहे पाहायचं, गोलकीपर कुठे आहे पाहायचं, मग चेंडू पाहायचा. तुम्ही सांगा, एका माणसानं किती ठिकाणी बघायचं? मान दुखायला लागली, दम लागला, पाय शिशाचे झाले. अंगातला थकवा एका दिवसाचा नव्हता, सगळ्या वर्षांचा एकदम जमून आला होता.

मध्यंतर तोंडावर आलं असताना समोरून एक उंच चेंडू आला. हवेत लोंबकळत राहिल्यासारखा. अडसर मागे मागे सरकत होता, नजर वर. या खेपेला वळून बघायला सवड नव्हती. मागून आत्याबाई निघाला आणि जीव काढून ओरडला,

"सोड!"

गॅलरीतल्या शेवटच्या रांगेत ऐकू गेलं. ज्याच्यासाठी होतं त्याला गेलं नाही.

अडसरानं उडी घेतली. त्याच्या कपाळाला चेंडू लागलाच नाही, लागलं ते हाड. दोघं खाली आले ते एकमेकांत गुंतून. चेंडू खांबाला थडकून परत आला आणि राखीवमधल्या त्या गड्यानं कसाबसा बाहेर लाथाडला.

अडसर उठून बसला. चांगल्या कानात शिट्टी वाजत होती, बारीक आणि लांबच लांब. शेजारी आत्याबाई पाठीवर पडला होता, भुवई फाटून मिशांपर्यंत रक्त आलं होतं. आणि त्याचे ओठ हलत होते. ऐकू काही येत नव्हतं, पण ओठांवरून कळलं. तो विचारत होता, "तुला लागलं का रे?"

मध्यंतर झालं. डॉक्टर आत्याबाईच्या भुवईत टाके घालत होते. प्रशिक्षक येरझाऱ्या घालत होते. अखेर ते थांबले.

"आवाज का नाही दिलास?"

अडसराच्या कानातली शिट्टी आता जरा उतरली होती. त्यानं मान वर केली.

"चुकलं, सर," आत्याबाई म्हणाला. "विसरलो."

"विसरलास? अख्खा जन्म ज्याचं तोंड बंद होत नाही, तो नेमका आजच विसरला?"

"सर, पण मी तर ऐक—" राखीवमधला गडी बोलायला लागला. आत्याबाईनं बाकाखालून त्याच्या नडगीवर अशी लाथ हाणली की तो कळवळून गप्प बसला.

"टाके दुखतायत म्हणून पाय उडाला," आत्याबाई म्हणाला. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं आणि पुढचा टाका घातला.

आणि तेव्हा अडसराच्या डोक्यात उजेड पडला. तो उजवीकडून घातलेला वळसा. ते उशिरा पुढे येणं. पेपरवाल्यांच्या शिव्या. हा माणूस इतकी वर्षं वाकडी वाट करून चांगल्या कानाच्या बाजूनं येत होता आणि मग ओरडत होता. आज तेवढी वाट उरली नव्हती. आणि याबद्दल एक अक्षर नाही. ज्याच्या पोटात तीळ भिजत नाही म्हणून सगळा संघ हसायचा, त्याच्या पोटात एवढा मोठा धोंडा मुकाट बसला होता.

प्रशिक्षक आत्याबाईसमोर उभे राहिले. "मोजे काढ. दुसरा उभा राहील गोलात. तुझ्यावर आज विसंबता येत नाही मला."

आत्याबाईनं मान हलवली आणि पट्ट्याला हात घातला. त्याचाही तो शेवटचाच हंगाम होता, बरं का. लोकांना तो असाच आठवणार होता, रक्तानं माखलेला, आवाज द्यायला विसरलेला.

"सर," अडसर म्हणाला. "त्यानं आवाज दिला होता."

"तू गप्प बस रे," आत्याबाई खेकसला.

"दिला होता. मला आला नाही. डाव्या कानानं मला ऐकू येत नाही, सर. आजचं नाही, जुनं आहे. कुणाला सांगितलं नाही मी."

खोलीत नळ ठिबकत होता. प्रशिक्षक खाली बाकावर बसले, अगदी त्याच्यासमोर. रागावले नाहीत. हातातल्या कागदाची सुरळी त्यांनी उलगडली, पुन्हा गुंडाळली.

"बरं," ते म्हणाले. "मग असं करू. तू तुझ्या डावीकडे जा. या नव्या पोराला उजवीकडे घालतो, बघू काय होतंय ते. आत्याबाई राहू दे गोलात. अर्धाच खेळ उरलाय, अडसर. ओढून नेशील ना?"

सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. तो शब्द तयार होता हो, जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. वर्षानुवर्षं हाताखाली राबलेला नोकर मालकानं नुसतं बघितलं तरी उठतो, तसा. पण चांगल्या कानातली शिट्टी अजून पुरती गेली नव्हती. आणि समोर आत्याबाईचा डोळा सुजून मिटायला आला होता. दोन बोटं इकडे झाली असती तर भुवईऐवजी तोच गेला असता.

"नाही, सर," तो म्हणाला. "चालणार नाही."

असं म्हणायची त्याला सवय नव्हती. शब्द जरा जास्तच जोरात निघाले. त्याचे त्यालाच ऐकू आले.

प्रशिक्षकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, काही वेळ तसाच राहू दिला, मग उठून राखीवमधल्या दुसऱ्याला हाक मारली. आत्याबाई जाताना दारात अडखळला, वळला. मागच्यांनी त्याला बाहेर ढकललं.

खोलीत अडसर एकटा उरला. बूट काढले, पट्ट्या सोडल्या. पट्टीबरोबर थोडं कातडंही आलं. बायको गॅलरीत असेल, तिला आता दिसलं असेल आपण नाही ते. ती काय करत असेल? देवाला हात जोडत असेल, की पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत असेल?

वरून लोकांचा आवाज यायला लागला. एका कानाच्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण कुठून आला ते कळत नाही. दोन कान असले तरच दिशा सापडते. आपले लोक एका बाजूला बसले होते, पाहुणे दुसऱ्या बाजूला. गजर उठायचा, विरायचा, पुन्हा उठायचा. आणि हा मान तिरकी करून बसलेला. हा आनंद कोणाचा? आपला की त्यांचा? आयुष्यभर गर्दीच्या मधोमध उभा राहिलेला माणूस, आज तिच्या बुडाशी बसून छताकडे बघत होता.

शेवटाजवळ केव्हातरी एक मोठा गजर झाला. लांबला. छताची धूळ पडली. अडसर उठून दारापर्यंत गेला, परत येऊन बसला.

निकाल त्याला बुटांनी सांगितला. जिंकलेले बूट फरशीवर एकमेकांना ढकलत येतात. हे बूट एकेक करून येत होते, कोणाला कोणाच्या पुढे जायची घाई नव्हती.

एका गोलानं हरले होते. राखीवमधला गडी रडत होता. कोणीतरी म्हणालं, "अडसर, तू असतास तर—" आणि तिथंच थांबलं. अडसरानं मान हलवली. तो असता तर झाला नसताही, किंवा झाला असताही. ते आता कोणीच सांगू शकत नव्हतं, आणि तेवढं ओझं त्यालाच घरी न्यायचं होतं.

हळूहळू खोली रिकामी झाली. आत्याबाई सगळ्यांत शेवटी आला. डोळा पार मिटला होता. बाक दोन्ही बाजूंनी मोकळा होता. तो अडसरासमोर थोडा वेळ उभा राहिला, आणि मग मुद्दाम वळून त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसला.

आणि बोलायला लागला.

पुष्कळ वेळ बोलला. अडसराला बाकाच्या फळीतून ते जाणवत होतं, मानेजवळ उष्ण श्वास लागत होता. एकदा आत्याबाई हसल्यासारखा हलला. एकदा मधेच थांबला आणि नाक ओढलं. उजवा कान त्याच्याकडे करणं अडसराला काही अवघड नव्हतं, नुसती मान वळवायची. त्यानं वळवली नाही. त्यानं फक्त आत्याबाईचे हात आपल्या मांडीवर घेतले, सुजलेल्या बोटांवरून एकेक मोजा हळूहळू सोलून काढला, आणि समोर भिंतीकडे बघत राहिला.

काय बोलला असेल? अहो, ज्याला सांगितलं त्यालाच ऐकू गेलं नाही, तर तुम्हा-आम्हाला कुठून कळणार? बायकोनं पुढे विचारलं, तेव्हा अडसर म्हणाला, "त्यानं बाजू बघूनच सांगितलं ना?" तिनंही मग विषय वाढवला नाही. पण बोललेलं वाया जात नाही. दोन्ही कान शाबूत असलेला एकजण वर बसलेला आहे, त्याच्यापर्यंत ते पोचलंच असणार.

आता मंडळी, उठा. तुमच्याजवळ एकच मागणं आहे. अडसराची काळजी नको, लोकांना तो आठवतो, अजून वाटेत थांबवून हात मिळवतात. दुसऱ्याचं मात्र कुठे नाव नाही. निघालं तरी 'तो उशीर करणारा' एवढंच निघतं. तेव्हा आज निजताना देवापुढे हात जोडाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, त्यांच्या शेवटी जरा थांबा आणि त्या मिशाळ आत्याबाईची आठवण काढा.